ऑलिव्ह ऑईल: खायला चांगले, पण बाळाच्या अंगाला?

माझ्या दिघ्यातल्या दवाखान्यात सर्दी-खोकल्याखालोखाल जर कोणता विषय रोज निघत असेल, तर तो तेलाचा. कुणाच्या मोबाइलवर व्हिडिओ आलेला असतो, कुणाला औषधाच्या दुकानात सुचवलेले असते, कुणाच्या आखातात कामाला असलेल्या भावाने बाटली पाठवलेली असते. मग तपासून झाले, चिठ्ठी लिहून झाली की दाराशी जाता जाता विचारतात, "मॅडम, ऑलिव्ह ऑईल चांगलं असतं ना?"

मी उलटा प्रश्न करते, "कशासाठी?"

हा प्रश्न लोकांना थोडा चमत्कारिक वाटतो. चांगली वस्तू ती चांगलीच, कशासाठी काय? पण तेल पोटात गेले की शरीर त्याच्याशी एका तऱ्हेने वागते आणि कातडीवर लावले की वेगळ्या तऱ्हेने. ऑलिव्ह ऑईल हे खाण्याचे उत्तम तेल आहे, यात शंका नाही. अंगाला लावायचे तेल म्हणून मात्र त्याची जेवढी ख्याती आहे तेवढा त्याला पुरावा नाही, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर जो पुरावा आहे तो उलट बाजूचा आहे. आपल्याकडे गंमत अशी झाली आहे की हे महागडे तेल लोक बाळाच्या अंगाला चोळतात आणि स्वतः खातात ते वडापावच्या गाडीवरचे, दहादा तापवलेले.

हे मी जरा तळमळीने लिहिते आहे, कारण इथल्या घरांचा हिशेब मला माहीत आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून असलेल्या कंपन्यांत पाळीवर जाणारी माणसे, इलठणपाडा, ईश्वरनगर, गणपतीपाडा इथल्या चढावरच्या खोल्या, घरभाडे, शाळेची फी, गावी पाठवायचे पैसे. अशा घरात पहिले मूल होते तेव्हा आई-बाप स्वतःची चप्पल शिवून वापरतात, पण बाळासाठी "सगळ्यात भारी" तेल आणतात. भारी म्हणजे महाग. त्या पैशांचे बाळाला काही मिळत असते तर मी गप्प बसले असते.

आधी तेलाची ओळख

ऑलिव्ह म्हणजे जैतून. आपल्याकडच्या मुसलमान घरांत हे नाव आणि हे तेल पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे आहे. बाकी बहुतेक मराठी घरांत ते आले ते औषधाच्या दुकानातून, छोट्याशा पत्र्याच्या डब्यातून, मालिशचे तेल म्हणून. स्वयंपाकाचे तेल म्हणून त्याची जाहिरात फार नंतर सुरू झाली. त्यामुळे आजही दिघ्यात आजीला विचाराल तर ती "ते बाळाचं तेल" म्हणेल आणि नात म्हणेल "ते सॅलडचं तेल".

हे झाड भूमध्य समुद्राच्या काठचे. हिवाळ्यात गारवा आणि कोरडा उन्हाळा त्याला मानवतो. आपल्या कोकणच्या पावसात ते रमणारे नाही. भारतात राजस्थानने इस्रायलच्या तंत्रज्ञांच्या मदतीने त्याची लागवड केली, पण बाजारात दिसणारे बहुतेक तेल स्पेन, इटलीकडून येते. महाग असण्याचे ते मोठे कारण.

बाटलीवर तीन तऱ्हेचे शब्द दिसतात. "एक्स्ट्रा व्हर्जिन" म्हणजे ताजी फळे दळून, रसायन न वापरता, फार न तापवता काढलेले तेल. हिरवट रंग, किंचित कडू चव आणि घशाला हलकी चुरचुर, ही त्याची खूण. ती चुरचुर ओलिओकॅन्थल नावाच्या द्रव्याची असते आणि ते द्रव्य आयब्युप्रोफेनसारखे सूज कमी करण्याच्या बाजूने काम करते, असे २००५ साली दिसून आले. (म्हणून कुणी गोळीऐवजी तेल पिऊ नये. तेलातले प्रमाण अगदी थोडे असते.) नुसते "ऑलिव्ह ऑईल" किंवा "प्युअर" लिहिलेले असेल तर ते शुद्धीकरण केलेले तेल, त्यात थोडे व्हर्जिन मिसळलेले. आणि "पोमेस" म्हणजे फळे दळून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढलेले. "भारतीय स्वयंपाकासाठी खास" म्हणून बऱ्याचदा हेच विकले जाते. ते विषारी नाही, पण ज्या गुणांसाठी तुम्ही ऑलिव्हचे पैसे मोजता ते गुण शुद्धीकरणात बरेचसे निघून गेलेले असतात.

आता त्वचा

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. विटा म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशी. त्यांच्यामधले सिमेंट म्हणजे चरबीचे पातळ पातळ पदर. ही भिंत आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे जंतू, साबण, धूळ आत येऊ देत नाही. ज्यांची त्वचा कोरडी असते किंवा ज्यांना इसब म्हणजे एक्झिमा असतो, त्यांचे हे सिमेंटच कच्चे असते. गवंडीकाम करणाऱ्या माझ्या रुग्णांना हे एका वाक्यात समजते.

प्रत्येक तेलात वेगवेगळी स्निग्धाम्ले असतात. ऑलिव्हमध्ये सगळ्यात जास्त असते ते ओलेइक आम्ल, साधारण ५५ ते ८३ टक्के. हृदयासाठी हे आम्ल चांगले. पण त्वचेवर लावले की ते त्या सिमेंटमध्ये शिरते आणि त्याची घट्ट वीण सैल करते. औषधे बनवणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. कातडीतून औषध आत पोचवायचे असेल तर वाट मोकळी करण्यासाठी ते मलमात ओलेइक आम्ल घालतात. म्हणजे लोक ज्या तेलाकडे "त्वचेचं रक्षण करतं" म्हणून बघतात, त्यातला मुख्य घटक भिंतीत फटी पाडण्यासाठी वापरला जातो.

याउलट लिनोलेइक नावाचे आम्ल त्वचेला त्या सिमेंटच्या बांधणीसाठीच लागते. ते सूर्यफुलाच्या आणि आपल्या करडईच्या तेलात भरपूर असते. (हल्ली जास्त ओलेइकवाल्या सूर्यफूल-करडईच्या जातीही आल्या आहेत, ते वेगळे.) खोबरेल तेलाचा प्रकार निराळाच: त्यात जवळपास निम्मे लॉरिक आम्ल आणि ओलेइक अगदी थोडे.

हे सगळे कागदावरचे रसायन झाले. प्रत्यक्ष माणसांवर काय दिसले? २०१३ साली इंग्लंडमध्ये शेफील्डच्या संशोधकांनी मोठ्या माणसांच्या हातावर ऑलिव्ह ऑईलचे काही थेंब दिवसातून दोनदा, काही आठवडे लावून पाहिले. त्वचेची भिंत कमजोर झाली आणि थोडी लालीही आली. ज्यांना कधीच इसब नव्हते त्यांच्यातही हे दिसले. सूर्यफूल तेलाने भिंतीला धक्का लागला नाही आणि ओलावा वाढला. मग २०१६ मध्ये मँचेस्टरला ११५ नवजात बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही बाळांना ऑलिव्ह, काहींना सूर्यफूल, काहींना काहीच नाही, असे चार आठवडे. दोन्ही तेलांनी त्वचा ओलसर राहिली, पण जन्मानंतर त्या सिमेंटची जी घडण व्हायला हवी ती तेल लावलेल्या बाळांत, दोन्ही गटांत, मागे पडलेली दिसली. ही बाळे आजारी पडली असे नाही. पण ज्या घरात दमा, इसब, सतत शिंका हा प्रकार आहे, त्या घरातल्या बाळाच्या बाबतीत मी ही गोष्ट हलकी मानत नाही.

आणखी एक अभ्यास फिलिपीन्समधला, २००८ सालचा, ५२ मोठ्या रुग्णांवरचा. सगळ्यांना इसब. निम्म्यांना खोबरेल, निम्म्यांना ऑलिव्ह, चार आठवडे. इसबाच्या जागी एक जंतू नेहमी ठाण मांडून असतो आणि खाज-पाणी वाढवतो. खोबरेलवाल्यांत तो २० जणांच्या त्वचेवर होता, शेवटी एकाच्या राहिला. ऑलिव्हवाल्यांत १२ जणांच्या होता, सहांच्या राहिला. माणसे थोडी होती हे खरे, पण आपल्या दारातल्या नारळाची बाजू यात चांगलीच वर आहे.

बाळ, टाळू आणि मालिशवाल्या मावशी

मालिशच्या विरोधात मी मुळीच नाही. हे आधीच सांगते, कारण आज्या लगेच रागावतात. पाय पसरून त्यावर बाळाला पालथे घेऊन, गाणे म्हणत चोळणाऱ्या बाईच्या हातात जे आहे ते कुठल्याही बाटलीत नाही. स्पर्शाने बाळ शांत होते, चांगले झोपते. मुंबईतल्या सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी २००५ मध्ये नवजात बाळांच्या मालिशचा अभ्यास प्रसिद्ध केला: खोबरेल, खनिज तेल आणि साधी पावडर. कमी दिवसांच्या बाळांत खोबरेलने मालिश केलेल्यांचे वजन बाकीच्यांपेक्षा चांगले वाढले. खनिज तेल म्हणजे बाजारातल्या बऱ्याच "बेबी ऑईल"मधले मुख्य तेल, हे लक्षात घ्या. त्याच वर्षी ढाक्याच्या रुग्णालयातला अभ्यास आला: फार लवकर जन्मलेल्या बाळांना सूर्यफूल तेल लावल्याने रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाला. मघाच्या मँचेस्टरच्या अभ्यासाशी हे जुळत नाही असे वाटेल. पण ती पूर्ण दिवसांची, धडधाकट बाळे होती. कमी दिवसांच्या बाळाची कातडी तयारच नसते, तिला बाहेरून आधार लागतो. बाळ कुठले, त्वचा कशी, यावर उत्तर बदलते.

तर माझे सांगणे असे: मालिश करा, बाळाची त्वचा निरोगी असेल तर साधे खोबरेल वापरा. ऑलिव्ह नको. मोहरीचे तेलही नको; उत्तर भारतातून आलेल्या घरांत त्याची सवय आहे, पण ते तान्ह्या कातडीला झोंबते. आणि दिघ्यातल्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, तेल लावून बाळाला कपड्यात घट्ट गुंडाळू नका. घामोळे तिथूनच सुरू होते. मालिश आंघोळीआधी करा आणि तेल पुसून, धुऊन काढा.

टाळू भरण्याबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. बाळाच्या डोक्यावरचा मऊ खड्डा तेल घालून "भरतो" ही समजूत घरोघर आहे. तो खड्डा म्हणजे कवटीच्या हाडांमधली जागा. मेंदू वाढतो तशी हाडे वाढतात आणि समोरची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत आपोआप बंद होते. तेलाचा तिथे काही संबंध येत नाही. उलट रोज तेलाची वाटी टाळूवर जिरवली की काय होते ते मी दर महिन्याला बघते: पिवळे, चिकट खवले, कधी भुवयांपर्यंत, कानामागे. त्याचे कारण असे की आपल्या सगळ्यांच्या कातडीवर मॅलेसेझिया नावाची एक बुरशी राहते आणि तिचे अन्न म्हणजे चरबी. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची असते तेव्हा तंत्रज्ञ तिच्यावर काय घालतात ठाऊक आहे? ऑलिव्ह ऑईल. आईला हे सांगितले की तिचा चेहरा बघण्यासारखा होतो.

एकदा सहा आठवड्यांच्या बाळाला घेऊन सून आणि सासू दोघी आल्या होत्या. खवले काढायला म्हणून आणखी तेल, तेलाने आणखी खवले, असे तीन आठवडे चालले होते. मग नखाने खरवडून रक्त आले तेव्हा घाबरून आल्या. मी तेल बंद करायला सांगितले, सौम्य बेबी शाम्पू आणि मऊ ब्रश, एवढेच. सासूबाई म्हणाल्या, "मग टाळू कशानं भरायची?" मी म्हटले, "आजी, ती दुधानं भरते." हसल्या, पण पटले असावे, पुढच्या लसीला बाळ आले तेव्हा डोके स्वच्छ होते. टाळूकडे लक्ष मात्र जरूर ठेवा. जुलाब-उलट्यांत ती खोल गेली किंवा तापात फुगून वर आली, तर तेलाचा विचारही करू नका, थेट रुग्णालय गाठा.

सगळ्यात धोक्याची गोष्ट आता सांगते. मालिश झाल्यावर बाळाच्या नाकात, कानात, बेंबीत तेलाचे थेंब सोडायची पद्धत. कृपा करून हे थांबवा. पाणी श्वासनलिकेत गेले तर बाळ ठसकते, खोकते. तेल गुळगुळीत असते, ते न ठसकवता सरळ फुप्फुसात उतरू शकते आणि तिथे न विरघळता बसते. त्यातून होणारा न्यूमोनिया साध्या अँटिबायोटिकने हटत नाही. मग ते तेल ऑलिव्ह असो, खोबरेल असो की तूप असो. बेंबीची नाळ गळून जागा सुकेपर्यंत तिथेही काही लावायचे नाही, कोरडी ठेवायची. मालिशवाल्या मावशी जुन्या अनुभवाच्या असतात, त्यांना तोडून बोलू नका. "डॉक्टरांनी नाकात घालायला मनाई केली आहे" म्हणून माझ्यावर ढकलून द्या. अनेक घरांत ही युक्ती चालली आहे.

आणि रंग. ऑलिव्हने बाळ गोरे होते का, हे विचारायला लोक थोडे लाजतात, पण विचारतात. नाही होत. रंग आई-बापाकडून येतो आणि जन्मानंतरच्या काही महिन्यांत तो हळूहळू आपल्या मूळ छटेवर स्थिरावतो. सावळे बाळ हे आजारी बाळ नाही, त्यावर तेल नको आणि औषधही नको.

मोठ्यांच्या त्वचेसाठी

इथे मी थोडक्यात आटपते. ज्यांना डोक्यात कोंडा आहे, छातीवर-पाठीवर शिबं आहेत, त्यांनी ऑलिव्ह तेल लावू नये. वर सांगितलेली तीच बुरशी इथेही आहे. कंपनीत बॉयलरजवळ काम करणाऱ्या, दिवसभर घामेजलेल्या माणसाची शिबं तेलाने वाढतात, औषधी शाम्पूने जातात. गजकर्णावर ऑलिव्ह, कडुलिंब, लसूण घालून उकळलेले तेल अशा गोष्टी लोक लावून येतात. तोवर दोन महिने गेलेले असतात आणि घरातल्या चौघांना लागण झालेली असते. मुरुमे असलेल्या तेलकट चेहऱ्यावरही नको.

गरोदरपणात पोटावरच्या रेघा येऊ नयेत म्हणून पुष्कळजणी हे लावतात. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा तेल-मलमांचे अभ्यास एकत्र तपासले. रेघा थांबतात असा भक्कम पुरावा सापडला नाही. लावून बरे वाटत असेल तर हरकत नाही, पण त्यासाठी उधारी नको. केसांसाठी खोबरेलच सरस ठरते. २००३ मध्ये मुंबईतल्याच संशोधकांनी (नारळाचे तेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही सांगायला हवे) दाखवले की ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. तुलनेत घेतलेल्या सूर्यफूल आणि खनिज तेलाला ते जमले नाही. केस उगवण्याचे मात्र कुठल्याच तेलाच्या हातात नाही.

मग ऑलिव्हचा उपयोग कुठे? लग्नसमारंभाचा मेकअप उतरवायला छान. भेगाळलेल्या टाचांना चालेल, जरी साधी पेट्रोलियम जेली त्याहून स्वस्त आणि सरस आहे. आणि कानातला घट्ट मळ मऊ करायला. हा उपयोग खरा आहे, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही तो सांगते: घरातल्या तापमानाचे दोन-तीन थेंब, दिवसातून तीन-चार वेळा, तीन ते पाच दिवस. पण फक्त मोठ्यांसाठी, आणि कानात दुखत नसेल, पू येत नसेल, पडद्याला भोक नसेल तरच. पळीत तेल कडवून कानात ओतणे हा उपाय नव्हे. पावसाळ्यात कान खाजतो तेव्हा बहुधा बुरशी असते, तिथेही तेल नको.

आता खाण्याकडे

इथे ऑलिव्ह ऑईलची बाजू खरोखर भक्कम आहे. स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या ७,४४७ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, प्रेडिमेड नावाचा. भूमध्य पद्धतीचे जेवण आणि भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन तेल घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यातून होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्के कमी झाले. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पुढे लोकांची गटवारी करण्यातल्या काही चुका निघाल्या, म्हणून मागे घेऊन २०१८ मध्ये सुधारून पुन्हा छापला. निष्कर्ष तसाच राहिला.

पण त्या लोकांनी तेल "वरून" प्यायले नाही. त्यांच्या स्वयंपाकाचे तेलच ते होते. सोबत भाज्या, कडधान्ये, मासे, फळे. आमच्या वाचकांच्या नजरेतून नेमके हेच सुटते. माझ्याकडे पन्नाशीचे एक चालक येतात, मधुमेह आहे. व्हिडिओ बघून रोज सकाळी अनशापोटी दोन मोठे चमचे ऑलिव्ह ऑईल घेऊ लागले. जेवण तेच, दुपारचा वडापाव तोच. तीन महिन्यांत वजन वाढले, साखर हलली नाही, आणि ते माझ्यावर थोडे नाराज की तेलाचा गुण का येत नाही. एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात; दोन चमचे म्हणजे अडीच चपात्या जास्तीच्या. तेल ऑलिव्हचे असो की करडईचे, एका ग्रॅमला ९ कॅलरी हा नियम कुणालाच सुटलेला नाही. त्यात त्यांनी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड केली होती, "तेलानं नसा साफ होतात" म्हणून. ते मला जास्त भयंकर वाटले. कोणतेही तेल नसा साफ करत नाही. गोळी कमी करायची ती मोजमाप बघून, डॉक्टरला विचारून.

घरच्या हिशेबाचे बोलू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या ताटात तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. चौघांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन लिटर. एक्स्ट्रा व्हर्जिन घेतले तर लिटरला हजाराच्या पुढे, म्हणजे साडेतीन हजारांवर. शेंगदाणा तेल त्याच्या पाव किमतीतही येते, आणि त्यातही निम्म्याच्या आसपास तेच ओलेइक आम्ल असते. ऑलिव्हमधली ती कडवट, उपयोगी द्रव्ये त्यात नसतात हे खरे, पण त्या फरकासाठी दूध, अंडी, फळांवर काट मारणे मला मान्य नाही. दिघ्याच्या जुन्या आगरी घरात जेवायला बसा: तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, बांगड्याचे कालवण. कडधान्य आहे, मासा आहे. त्या स्पेनच्या ताटाचा अर्धा भाग इथे आधीपासून आहे. फक्त तळलेला तुकडा रोज नको आणि भाजी थोडी जास्त हवी.

पैसे असतील तर जरूर आणा. कोशिंबिरीवर, उकडलेल्या कडधान्यावर, वरणावर वरून घाला, तूप-लोण्याच्या जागी. मंद आचेवरच्या फोडणीलाही चालते; तापवले की विष होते हा व्हॉट्सॲपवरचा मजकूर खोटा आहे. पण पुऱ्या, भजी तळायला एवढे महाग तेल वापरण्यात अर्थ नाही. आणि तेलाची खरी काळजी करायची असेल तर बाहेरच्या कढईची करा. तळणाच्या तेलात ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते टाकून द्यावे, असा नियम आपल्याकडे १ जुलै २०१८ पासून आहे. काळपट, फेसाळ, धूर सोडणारी कढई दिसली की तो नियम तिथे पाळला जात नाही हे समजायला यंत्र लागत नाही.

एक प्रकार अजून. ऑलिव्ह ऑईल आणि लिंबाचा रस रात्रभर थोडा थोडा प्यायचा आणि सकाळी पित्ताशयातले खडे शौचातून पडतात, हा संदेश मराठीत दर काही महिन्यांनी फिरतो. हिरवे मऊ गोळे पडतात हे खरे आहे. न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी असे "खडे" तपासले आणि २००५ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात लिहिले: ते पित्ताचे खडे नव्हतेच. तेल आणि लिंबाच्या रसापासून आतड्यात तयार झालेले साबणासारखे गोळे होते. खरे खडे जागेवरच राहतात. एवढे तेल एकदम प्यायले की पित्ताशय जोरात आकुंचन पावते, आणि एखादा खडा नळीत अडकला तर कावीळ, स्वादुपिंडाची सूज, जिवावरचे दुखणे. उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर सोनोग्राफी करून या.

घरात डबा आलाच असेल तर

हे वाचून कुणी तेल ओतून देऊ नका. डबा उलटा करून बघा. त्यावर खाद्यपदार्थांचा १४ अंकी परवाना क्रमांक असेल आणि तारीख उलटलेली नसेल, तर ते खाण्याचे तेल आहे. कोशिंबिरीत वापरून टाका. उघडल्यावर गॅसच्या शेजारी ठेवू नका, अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. खवट वास आला तर संपले. "फक्त बाहेरून वापरण्यासाठी" लिहिले असेल तर टाचांना लावा, मेकअप काढा. बाळासाठी घरातली खोबरेलची बाटली घ्या, पण कोमट पाण्यात ठेवून ती पातळ करा, थेट आचेवर नको. बाळाच्या गालावर, कोपराच्या-गुडघ्याच्या घडीत लाल, खरखरीत चट्टे दिसत असतील, ते ओलसर झाले असतील किंवा बाळ खाजेने रात्री झोपत नसेल, तर तेल कुठलेच लावू नका आणि बाळाला दाखवायला आणा. येताना जे काही लावले असेल त्याचा डबा सोबत असू द्या. मला त्यावरचे बारीक अक्षर वाचायचे असते.